अर्जाचा विषय

माझ्या दुकानात सातबाऱ्याची झेरॉक्स निघते,
जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव वाढवणे, नाव कमी करणे.
तहसीलच्या फाटकासमोर, निंबाखाली.
पत्र्यावर दुपारभर निंबोळ्या पडतात,
कुणी बोटानं वाजवल्यागत.

रुपराव आला तेव्हा मी टोनर हलवत होतो.
त्याच्या हातात घडी केलेला पेपर, तिसरं पान वर.
पेपरचं नाव मी इथं लिहीत नाही.
त्यांनी मात्र लिहिलं होतं : देवमनचं नाव, गाव, बापाचं नाव,
बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो तेही,
शालिकच्या जिनिंगमधल्या खोलीचा नंबर,
आणि वर चार कॉलम, लाल अक्षरात : किळस.
फोटोत दोघांच्या डोळ्यांवर काळी पट्टी.
नाव छापून डोळे झाकले.

"अर्ज टाइप कर," रुपराव म्हणाला, "धरण्याचा.
पेपरवाल्याच्या हापिसापुढं बसतो आमी."
"किती जण?"
"सध्या तीन. देवमनची माय धरून."

प्रति, मा. ठाणेदार साहेब.
विषय :
इथं थांबलो.

वीस वर्षांत या गावाचे सगळे विषय मी टाइप केले.
पांदण रस्ता. डीपी जळाली. रानडुकरं.
नवरा नांदवत नाही. वारसाची नोंद.
या विषयाला माझ्याकडं शब्द नव्हता.
म्हणजे होता, रात्री, शटर आतून लावल्यावर.
कीबोर्डवर त्याचं वेलांटी-उकार चुकत होतं.
रुपराव काही बोलला नाही.
स्क्रीनकडं न पाहता निंबाकडं पाहत राहिला,
हे त्याचे उपकार.

ठाण्यात जमादारानं विषय मोठ्यानं वाचला,
मग हळू वाचला.
"हे काय असते बे? बदनामी झाली तं कोर्टात जा."
पंचफुलाबाई निंदणावरून थेट आली होती, पायाला चिखल.
"साहेब, माह्या पोरानं कोनाचं काही चोरलं का?
चोरलं असन तं लिहा.
नसन तं त्यायले म्हना, खोडा."
जमादारानं शिक्का शोधला. पोच दिली.
अकरा ते दोन. लाउडस्पीकर नाही.

लाउडस्पीकर कुणाकडं होता?
बँडवाले सहा जण आले, लग्नातले लाल कोट घालून,
घरी दुसरा बरा कपडा नव्हता म्हणून.
ढोल आणला, पण वाजवला नाही, त्यावर पाण्याचे ग्लास ठेवले.
जिनिंगच्या दोन बाया, केसांत रुई तशीच.
कॉलेजची एक पोरगी, नाव सांगितलं नाही,
फलकावर अक्षर तिचं :
आमची नावं छापली, आता तुमची चूक छापा.

पानठेल्यावर गर्दी आमच्याहून जास्त.
आमच्याहून म्हणतो, पण मी अजून रस्त्याच्या अल्याड.
दुकान उघडं टाकून येता येत नाही, असं सांगितलं होतं.
कुणी शिट्टी मारली.
एकानं मला ओळखलं, मी त्याला,
दोघांनी माना फिरवल्या.
वरच्या खिडकीत वार्ताहर उभा,
माझ्याकडं एकशे चाळीस रुपये उधारी त्याची.

दीड वाजता शटर ओढलं.
रस्ता तेवीस पावलं आहे.
पंचफुलाबाई सरकली, सतरंजीवर जागा केली.
"जेवला का?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी पेपरात काही नाही.
तिसऱ्या दिवशी, पाचव्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली :
काही नागरिकांचे धरणे.
विषय दिला नव्हता.

शालिक अजून आला नाही. बडनेऱ्याहून फोन करतो, रेंज जाते.
देवमन तळ्याच्या पाळीवर पट्टी ओली करतो, फुंकतो,
पूर्ण गाणं वाजवत नाही.

अर्जाची फाइल मी पुसली नाही.
काल एक जण आला मोटरसायकलनं, तोंडाला दुपट्टा,
बोलण्यावरून दुसऱ्या तालुक्यातला.
"तसा अर्ज पायजे होता. दुसऱ्यासाठी."
मी म्हटलं, आहे.
खाली सह्यांची जागा
वाढवून देऊ का?